कुंडीतलं कंदीलफूल दुसऱ्या पावसाळ्यात उगवत नाही तेव्हा काय तपासायचं

लक्षणं

लोक मला ज्या तक्रारी सांगतात त्या साधारण अशा असतात:

- पहिल्या पावसाळ्यात वेल जोमानं वाढला, फुललाही. दसऱ्याच्या सुमाराला पानं पिवळी पडली आणि वेल वाळला. पुढच्या जूनमध्ये कुंडीत काहीच उगवलं नाही.
- ऐन श्रावणात खालची पानं पिवळी पडतात, खोड मातीलगत काळं आणि मऊ होतं, आणि एका दिवसात वेल मान टाकतो.
- वेल लांबच लांब जातो, पानं मोठी आणि मऊ, पण कळी धरत नाही.
- नवी पानं फिकट येतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.
- शेंडे आक्रसतात, कळ्या उमलायच्या आधीच गळतात.
- फुलं भरपूर येतात, पण शेंग एकही लागत नाही.

गेली बारा वर्षं मी गच्चीत हामण लावतेय. हामण म्हणजे सेरोपेजिया हिरसुटा, सह्याद्रीतल्या कंदीलफुलांपैकी बऱ्यापैकी सर्वत्र आढळणारी जात. खोडावर आणि पानांवर लव असते. फूल दीड-दोन इंचांचं असतं, खाली फुगीर नळी आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटा कंदील. काही भागांत कंदीलफुलांना खरपुडी म्हणतात आणि त्यांचे कंद खाल्लेही जातात. सड्यांवर (जांभ्या खडकाच्या उघड्या माळांवर), पठारांवर आणि डोंगरउतारांवरच्या गवतात वाढणारं हे झाड आहे. वरच्या सहाही तक्रारी मी माझ्या किंवा ओळखीच्यांच्या कुंड्यांमध्ये पाहिल्या आहेत. पहिल्या दोन तर दरवर्षी येतात, आणि दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं.

आता तपासणी. क्रम सोडू नका. आधीच्या पायऱ्यांना पैसे पडत नाहीत आणि झाडालाही त्रास होत नाही. शेवटच्या पायऱ्यांमध्ये कंद उकरावा लागतो, आणि प्रत्येक उकरण्यात त्याची काही मुळं तुटतात.

आधी महिना बघा

कुंडीला हात लावण्याआधी कॅलेंडर बघा. हामणीचं वर्ष पावसानं बांधलेलं आहे. वळवाच्या सरी झाल्या की कंद जागा होतो, मृगात कोंब वर येतो, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, आणि परतीचा पाऊस ओसरला की वेल वाळतो. नोव्हेंबरपासून मेपर्यंत जमिनीवर तिचा मागमूस नसतो. पठारावर त्या काळात गवत पिवळं पडलेलं असतं, जांभा तापलेला असतो, आणि कंद खडकाच्या फटीत झोपलेला असतो.

त्यामुळे ऑक्टोबरात पिवळी पडणारी पानं हा रोग नाही. वेल पानांतलं अन्न कंदात ओढून घेत असतो. नेमक्या याच वेळी माणूस घाबरतो आणि पाणी वाढवतो. झोपी चाललेल्या कंदाला ते पाणी नको असतं. मुळं काम थांबवत असतात, माती ओलीच राहते, आणि दिवाळीपर्यंत कंद आतून सडलेला असतो. जूनमध्ये जेव्हा कोंब येत नाही तेव्हा आपण जूनमध्ये कारण शोधतो. ते आठ महिने मागे पडलेलं असतं.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे रिकामी दिसणारी कुंडी. वेल वाळून गळला की कुंडीत नुसती माती दिसते. घरातलं कुणीतरी तीत कोथिंबीर किंवा मेथी पेरतं आणि रोज पाणी घालतं. माझे दोन चांगले कंद असे गेले. तेव्हापासून प्रत्येक कुंडीत मी एक पाटी खोचते: ‘आत कंद आहे, पाणी नको’.

जून अर्धा संपला आणि कोंब नाही, तरी लगेच उकरू नका. पाऊस लांबला असेल तर कंदही लांबतो. जुलैच्या मध्यापर्यंत वाट बघा.

पाणी आणि ओल

एक बारीक, कोरडी काडी घ्या. कुंडीच्या कडेनं बोटभर खोल खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. काडीला माती चिकटून आली, काडी गार लागली, तर आत ओल आहे. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घालणं ही फसगत आहे, कारण वरचा थर वाऱ्यानं सुकतो आणि कंद असतो खाली.

वाढीच्या दिवसांत काडी कोरडी आली तरच पाणी घाला. पाऊस चालू असेल तर मुळीच नको. पानं गळाल्यावर पाणी पूर्ण बंद करा आणि कुंडी पावसाची झड लागणार नाही अशा सावलीत सरकवा. याला एकच अपवाद मी करते. कंद सुपारीएवढा लहान असेल तर एप्रिल-मेमध्ये तीन-चार आठवड्यांतून एकदा कुंडीच्या काठाकाठानं अर्धा कप पाणी सोडते. कुंडीतली माती जमिनीपेक्षा फार लवकर तापते आणि सुकते, आणि एवढ्या लहान कंदात साठाही थोडा असतो. मोठ्या कंदाला हे लाड नकोत.

भोक, बशी आणि स्पंज

आता कुंडी उचला आणि तळाचं भोक बघा. बऱ्याचदा ते मुळांनी किंवा चिकणमातीनं बुजलेलं असतं. काडीनं मोकळं करा. कुंडीखालची बशी काढून टाका. कुंडी थेट गच्चीच्या फरशीवर टेकलेली असेल तर तिला विटांच्या तीन तुकड्यांवर बसवा. या तिन्ही गोष्टींना मिळून दहा मिनिटं लागतात. ऐन पावसाळ्यात मान टाकणाऱ्या कितीतरी वेली एवढ्यानंच वाचल्या आहेत.

इथे मला दरवेळी एक प्रश्न विचारला जातो, आणि प्रश्न अगदी रास्त आहे: सह्याद्रीत एवढा मुसळधार पाऊस पडतो, तिथे कंद सडत नाही, मग माझ्या कुंडीत कसा सडतो?

कारण तिथलं पाणी वाहतं. सड्यावर माती थोडी, खाली जांभा, आणि सगळीकडे थोडाफार उतार. पाणी येतं, कंदाला धुऊन पुढे निघून जातं, आणि जाताना मागे मातीच्या कणांमध्ये ताजी हवा ओढून घेतं. कंदालाही श्वास लागतो. कुंडीत तेच पाणी तळाशी अडून राहतं, हवेची जागा व्यापतं, आणि हवेविना सडवणाऱ्या बुरशीचं फावतं.

तळाशी पाणी अडतं ते का, हे घरच्या स्पंजावर बघता येतं. भांडी घासायचा नवा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच आहे. प्रत्येक मातीत तळाचा एक ठरावीक उंचीचा थर ओला राहतोच, मग कुंडी उथळ असो की खोल. उथळ कुंडीत तो थर कंदापर्यंत पोचतो, खोल कुंडीत कंदाच्या बराच खाली राहतो.

म्हणूनच तळाशी खडीचा थर घालण्याचा जुना सल्ला इथे उपयोगाचा नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वर अडतं. ओला थर होता तेवढाच राहतो, फक्त कंदाच्या जवळ सरकतो. खडी वापरायचीच तर मातीत मिसळून वापरा. तळाच्या भोकावर एक फुटकं खापर पुरे.

जागा: उजेड वर, गारवा खाली

लांबच लांब वेल आणि कळी नाही, ही तक्रार बहुधा उजेडाची असते. कधी खताचीही असते, त्याकडे मातीपाशी येऊ. हामण गवतात आणि झुडपांत उगवते. बुडाशी सावली आणि गारवा, आणि वेल चढत जाऊन शेंडा उन्हात. घरी नेमकं उलटं होतं. कुंडी तापलेल्या फरशीवर आणि वेल खिडकीच्या जाळीमागे अंधारात.

सकाळचं तीन-चार तास ऊन मिळेल अशी जागा शोधा. कुंडीच्या पश्चिमेला दुसऱ्या कुंड्या लावा म्हणजे दुपारचं ऊन तिच्या भिंतीवर थेट पडणार नाही. मातीवर वाळलेलं गवत पातळ पसरा. वेलाला चढायला बारीक काडी द्या, पेन्सिलीहून जाड नको. जाड बांबूभोवती त्याला वेढे घेता येत नाहीत, तो घसरून जमिनीवर पसरतो आणि ओल्या मातीला टेकलेली पानं सडायला लागतात.

फिकट पानं, हिरव्या शिरा

हे बोअरच्या पाण्याचं लक्षण आहे. कुंडीच्या बाहेरून आणि मातीवर पांढरट पापुद्रा धरलाय का बघा. तो क्षारांचा. जांभ्यावरची माती आम्लधर्मी असते, आणि जड पाणी वर्षभर घातलं की कुंडीतली माती हळूहळू विम्लधर्मी होत जाते. तशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. लोह विकत आणून घालण्याआधी पावसाचं पाणी बादलीत धरा आणि दोन-तीनदा कुंडी त्यानं भरपूर धुऊन काढा, तळातून पाणी मोकळं वाहील अशी. पुढे येणारी पानं हिरवी आली तर निदान बरोबर होतं. जुनी पानं सुधारत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका.

किडी

पानं उलटी करून बघा, शेंडे बघा, आणि पेरांच्या बेचक्यात बघा. रुई-कण्हेरीवर असतो तो पिवळा मावा इथेही येतो, कारण हामण रुईच्याच कुळातली. मुंग्यांची रांग वेलावर चढताना दिसली तर मावा किंवा पिठ्या ढेकूण वर आहेच असं समजा. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला येतात आणि त्यांची राखणही करतात. थोडा मावा असेल तर बोटांनी चिरडून पाण्याच्या धारेनं धुवा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घोळून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं की लवदार पानं करपतात. कळ्या-फुलांवर फवारू नका.

काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मऊ काळ्या शिंगांची अळी दिसली तर तिला मारू नका. रुईवर अंडी घालणाऱ्या नारिंगी फुलपाखराची ती अळी असते. जवळ रुई असेल तर अळी अलगद तिच्यावर सोडा. वेल खाल्ला गेला तरी कंद शाबूत असेल तर पुन्हा फुटवा येतो. माझ्याकडे एका वर्षी वेलाचा नुसता दोरा उरला होता, तीन आठवड्यांत खालच्या पेरातून नवी फूट आली.

फुलं आली पण शेंग नाही

ही मी दुरुस्तीत धरत नाही. कंदीलफूल म्हणजे माश्यांसाठीचा एक तात्पुरता सापळा आहे. वासानं ओढलेली चिमुकली माशी पाकळ्यांच्या फटीतून आत शिरते, नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यानं ती आत उतरते पण वर येऊ शकत नाही. खालच्या फुगीर भागात फिरताना परागांचे पुंजके तिला चिकटतात. काही काळानं केस कोमेजतात, फूल कलतं, आणि माशी सुटून दुसऱ्या फुलात जाते. म्हणजे एक-दोन दिवसांत मलूल होऊन झुकणारं फूल आजारी नाही, त्याचं काम झालेलं आहे.

गच्चीवर योग्य ती माशी नसेल तर शेंग धरत नाही. पिवळ्या-केशरी सापळ्यांचे चिकट कागद लावले असतील तर ते काढा, त्यांच्यावर याच माश्या चिकटतात. जवळ पालापाचोळ्याचं खत कुजत ठेवलं तर माश्या वाढतात, हा माझा अनुभव. सुईनं हाती परागण करायला भिंग आणि सराव लागतो, नवख्या हातानं फूल फाटतंच. शेंगा धरल्याच तर त्या जोडीनं येतात, बारीक आणि लांब, आणि तडकल्यावर आतून रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात. शेंग पिवळसर दिसू लागली की तिच्याभोवती पातळ कापडाची पुरचुंडी बांधा, नाहीतर सगळं बी वाऱ्यावर जाईल.

कंद तपासणं

इथवर काहीच सापडलं नाही तरच हे करा. दोनच प्रसंगी: एक, मे महिन्यात माती बदलताना. दोन, जुलै अर्धा उलटूनही कोंब नाही किंवा खोड मातीलगत काळं पडलंय तेव्हा.

कुंडी आडवी करून माती हातानं मोकळी करा, खुरपं वापरू नका. कंद हातात घेऊन हलकेच दाबा.

कच्च्या बटाट्यासारखा घट्ट असेल तर तो जिवंत आहे, फक्त झोपलाय. तसाच परत लावा. पण वरची बाजू खाली तर गेली नव्हती ना, ते बघा. जुन्या खोडाचा वाळका वण असतो ती वरची बाजू. वण दिसतच नसेल तर कंद आडवा लावा, कोंब आपली वाट शोधतो. कंदावर इंचभर माती पुरे.

हलका आणि सुरकुतलेला असेल तर तो तहानलाय. पाण्यात बुडवून ठेवू नका. किंचित दमट वाळूत आठ-दहा दिवस ठेवा, बहुतेक सावरतात.

मऊ असेल, दाबल्यावर पाणी सुटत असेल, आंबूस वास येत असेल, तर सड लागली आहे. धारदार सुरी दिव्याच्या ज्योतीवर तापवून गार करा आणि सडका भाग पांढरं, कोरडं मांस दिसेपर्यंत कापा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा तापवा, नाहीतर सड पुढच्या कापात तुम्हीच पोचवाल. कापावर कोळशाची बारीक पूड लावा. मग कंद पंख्याच्या वाऱ्यावर नको, सावलीत मोकळ्या हवेत पाच-सहा दिवस सुकू द्या. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली पाहिजे. घाईनं लगेच लावलेला कंद मी एकदाही वाचलेला पाहिला नाही.

मुळांच्या आसपास कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण. कंद साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा, सुकवा, आणि जुनी माती दुसऱ्या कोणत्याही कुंडीत घालू नका.

माती बदलणं

हे सगळ्यांत शेवटी, आणि शक्यतो मेमध्येच, कारण वाढत्या वेलाची मुळं मोडली तर तो हंगाम गेला. जांभ्याचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा जाड वाळू दोन भाग, साधी बागेतली माती एक भाग, कुजलेला पाला एक भाग. जांभा आणि वाळू आधी चाळून धुवा. त्यांच्यातली धूळच पुढे पोकळ्या बुजवते. कोकोपीट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं. शेणखत आणि नत्राची खतंही नकोत. सड्यावरची माती गरीब असते, आणि हे झाड त्या गरिबीत वाढायला शिकलेलं आहे. खतानं फक्त पानं आणि मऊ खोड वाढतं, आणि मऊ खोडावर मावा आणि सड दोन्ही लवकर येतात. कुंडी मातीचीच, निदान आठ-दहा इंच खोल.

कुठे थांबायचं

अर्ध्याहून जास्त कंद कापावा लागला आणि तरी आत तपकिरी रेषा दिसत असतील तर थांबा. आणखी कापून काही हाती लागत नाही, आणि ती माती बाकीच्या कुंड्यांना धोक्याची. कंद आणि माती दोन्ही पिशवीत बांधून टाका, कुंडी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात तापवा.

मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, संशय घ्या. त्यावर घरचा उपाय नाही. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात मुळं आणि मूठभर माती दाखवा. बुरशीनाशक मातीत ओतायचं असेल तरीही आधी तिथे विचारा. अंदाजानं घातलेल्या औषधानं लहान कंद जळालेले मी पाहिले आहेत.

तुमच्याकडची जात कोणती हे नक्की माहीत नसेल तर कंद कापण्याआधी थांबा. महाराष्ट्रातली काही कंदीलफुलं अगदी थोड्या डोंगरांवर उरली आहेत, आणि अशा कंदावर माझ्यासारख्या हौशी माणसानं सुरी चालवू नये. फुलाचा समोरून आणि बाजूनं, पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलफुलांच्या जाती जोपासण्याचं मोठं काम झालं आहे, तिथल्या अभ्यासकांना या झाडाची नाडी कळते.

आणि कुंडी रिकामी झाली म्हणून कासच्या किंवा दुसऱ्या कुठल्या पठारावरून कंद उकरून आणू नका. कास 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे, आणि राखीव वनातून झाड उपटणं हा गुन्हा आहे. शिवाय उकरलेला कंद बहुधा वाचत नाही, कारण फटीतून ओढताना तो खरचटतो आणि तिथूनच सडतो. बियांपासून वाढवलेली रोपं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून एखादं मिळेपर्यंत थांबा. तुमच्या स्वतःच्या शेतबांधावर हामण असेल तर तिला हलवू नका, शेंग पिकल्यावर चार बिया घ्या आणि बाकीच्या उडू द्या. बी सुपानं साठवून ठेवू नका, पुढच्याच मृगात पेरा. पहिल्या वर्षी दोन-चार पानांपलीकडे काही दिसणार नाही आणि दिवाळीला तीही वाळतील. कुंडीत पाटी खोचा आणि पाणी बंद करा.